उपग्रहाला तुमचं शेत किती गुंठ्यांपर्यंत दिसतं? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे २,००० किलोमीटरपर्यंतच्या कक्षांना निम्न भू-कक्षा म्हणतात. जमिनीचं निरीक्षण करणारे जवळजवळ सगळे उपग्रह याच पट्ट्यात, आणि त्यातले बहुतेक ५०० ते ९०० किलोमीटरवर फिरत असतात. या वेळी आलेले प्रश्न शेतीच्या ॲपमधले रंगीत नकाशे, पुराचे नकाशे आणि बोअरची जागा यांबद्दल आहेत. पण उत्तराच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा उपग्रहाची उंची आणि त्याची वाट हेच सापडतं.

प्रश्न : इन्सॅट एका जागी राहून दर अर्ध्या तासाला देशाचं चित्र देतो. त्याच्यावरच चांगला कॅमेरा बसवला तर शेत दिवसभर दिसेल. मग शेताची चित्रं घेणारे उपग्रह खाली फिरते का ठेवतात? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, जळगाव)

कॅमेरा कितीही उत्तम असला तरी प्रकाशाच्या स्वभावामुळे तपशिलाला मर्यादा पडते. तिचं सूत्र सोपं आहे : तरंगलांबीला उंचीने आणि १.२२ ने गुणायचं आणि आरशाच्या व्यासाने भागायचं. इस्रोचा कार्टोसॅट-३ घ्या. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी तो सुमारे ५०९ किलोमीटरवर सोडला गेला. त्याचा आरसा १.२ मीटरचा आहे. प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरून गणित केलं तर उत्तर साधारण २८ सेंटिमीटर येतं, आणि त्याच्या कृष्णधवल चित्रातला तपशीलही जवळपास तेवढाच आहे. आता हाच आरसा ३५,७८६ किलोमीटरवर, म्हणजे इन्सॅटच्या भूस्थिर कक्षेत नेऊन ठेवा. तपशील घसरून २० मीटरवर येतो. तिथून २८ सेंटिमीटर दिसायला हवे असतील तर आरसा ८५ मीटरचा लागेल. अवकाशात घडी घालून नेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसासुद्धा ६.५ मीटरचाच आहे.

गुंठ्यांत सांगितलं तर हे चटकन लक्षात येईल. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. युरोपच्या सेंटिनेल-२ चा पिक्सेल (चित्रातला सर्वांत लहान चौकोन) १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल नऊ गुंठ्यांचा. आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा २३.५ मीटरचा पिक्सेल साडेपाच गुंठ्यांचा, लिस-४ चा ५.८ मीटरचा पिक्सेल गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि ॲविफ्सचा ५६ मीटरचा ३१ गुंठ्यांचा. इन्सॅट-३डीआरच्या दृश्य प्रकाशातल्या चित्राचा पिक्सेल एक किलोमीटरचा आहे, म्हणजे २४७ एकर. ढग आणि चक्रीवादळ पाहायला तो उत्तम आहे, शेतासाठी त्याचा काही उपयोग नाही. भूस्थिर कक्षेतून बारीक पाहण्याचा प्रयत्न चीनने केला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सोडलेला गाओफेन-४ तिथून ५० मीटरचा तपशील देतो. पण त्याचाही एक पिक्सेल पंचवीस गुंठ्यांचा भरतो.

रडारचं गणित याहून कडक आहे. रडार स्वतः लहर सोडतं आणि तिचा प्रतिध्वनी ऐकतं. एखाद्या वस्तूवरून परत येणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. ७०० किलोमीटरऐवजी पन्नासपट उंचीवर गेलात तर परतणारा संकेत साठ लाखांहून अधिक पटींनी क्षीण होतो. म्हणून आज शेत, पूर, भूस्खलन यांची चित्रं देणारे रडार उपग्रह जवळजवळ सगळे खालीच आहेत.

खाली राहायची किंमत अशी की उपग्रहाला एका जागी थांबता येत नाही. ७०० किलोमीटरवर त्याला सेकंदाला साडेसात किलोमीटर धावावंच लागतं, नाहीतर तो पडेल. या वेगाचा त्रास कॅमेऱ्यालाही होतो. कार्टोसॅट-३ खालची जमीन सेकंदाला सुमारे सात किलोमीटर मागे सरकते, त्यामुळे २८ सेंटिमीटरची एक ओळ टिपायला सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग मिळतो. एवढ्यात पुरेसा प्रकाश जमत नाही. म्हणून अशा कॅमेऱ्यांत संवेदकांच्या अनेक ओळी एकामागोमाग लावतात. जमिनीचा तोच तुकडा प्रत्येक ओळीखालून जाताना पुन्हा टिपला जातो आणि सगळी बेरीज करून एक पिक्सेल बनतो. उपग्रह जरा थरथरला तरी ही बेरीज पुसट होते, त्यामुळे त्याला स्थिर धरणारी चक्रं कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची ठरतात.

प्रश्न : सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी येतो असं वाचलं. आमच्या गावाचं चित्र कधी दोन-तीन दिवसांत मिळतं, कधी तीन आठवडे मिळत नाही. असं का? (शेतकरी, बारामती तालुका)

पाच दिवसांचा आकडा उपग्रहाच्या फेऱ्यांवरून येतो. सेंटिनेल-२ ची उंची ७८६ किलोमीटर आहे आणि एका फेरीला त्याला सुमारे १०० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याच्याखाली २५ अंश फिरलेली असते, म्हणून पुढची फेरी विषुववृत्तावर २,८०० किलोमीटर पश्चिमेला पडते. दहा दिवसांत बरोबर १४३ फेऱ्या होतात आणि १४४ वी पहिल्याच वाटेवर येते. विषुववृत्ताची लांबी ४०,०७५ किलोमीटर, तिला १४३ ने भागलं की शेजारच्या दोन वाटांमधलं अंतर २८० किलोमीटर निघतं. कॅमेऱ्याचा पट्टा २९० किलोमीटर रुंद आहे, म्हणून मध्ये फट राहत नाही. त्याच कक्षेत समोरासमोरच्या बाजूला दोन उपग्रह ठेवले की दहाचे पाच दिवस होतात. लँडसॅटचं गणितही असंच आहे : सोळा दिवसांत २३३ फेऱ्या, वाटांमध्ये १७२ किलोमीटर, पट्टा १८५. लँडसॅट ८ आणि ९ मिळून आठ दिवसांनी तीच जागा पाहतात.

विषुववृत्तापासून वर सरकलं की वाटा जवळ येतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर शेजारचे पट्टे २५-३० किलोमीटर एकमेकांवर चढतात, म्हणजे राज्याची साधारण दहा टक्के जमीन दोन वाटांवरून दिसते. तुमचं गाव बहुधा अशा दुहेरी पट्ट्यात आहे. तिथे दोन-तीन दिवसांनी चित्र मिळतं. मात्र अशा लागोपाठच्या चित्रांत एकदा शेत पूर्वेकडून तिरकं पाहिलेलं असतं, एकदा पश्चिमेकडून. ओळीत लावलेल्या पिकाचा हिरवेपणाचा निर्देशांक एवढ्यानेही थोडा हलतो. तुलना करायची तर एकाच वाटेवरची चित्रं घ्या. चित्राच्या नावात 'आर' या अक्षरापुढे जो तीन आकडी क्रमांक असतो तो वाटेचा.

तीन आठवड्यांच्या खंडाचं कारण मात्र ढग. उपग्रह वेळेवर येऊन गेलेला असतो, त्याला ढगाची वरची बाजू दिसलेली असते. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर आणि कोकणात वापरण्याजोगं एकही चित्र न मिळणं नेहमीचं आहे. पट्टा रुंद असेल तर संधी वाढतात : ॲविफ्सचा पट्टा ७४० किलोमीटरचा, म्हणून तो एकटाच पाच दिवसांनी येतो. नासाच्या मॉडिस उपकरणाचा २,३३० किलोमीटरचा, म्हणून तो रोज येतो, पण त्याचा सर्वांत बारीक पिक्सेलही पंधरा एकरांचा आहे.

प्रश्न : प्रत्येक चित्राची वेळ सकाळी अकराच्या पुढेमागेच का असते? (शिक्षिका, नाशिक)

कक्षाच तशी निवडलेली असते. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त आहे. या फुगवट्याच्या ओढीने उपग्रहाच्या कक्षेचं प्रतल हळूहळू वळत राहतं. ते किती वळेल हे उंची आणि कल (कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कोन) यांवर ठरतं. पृथ्वी सूर्याभोवती रोज ०.९८५६ अंश सरकते. प्रतलही रोज तेवढंच, त्याच दिशेने वळावं यासाठी ७८६ किलोमीटरवर ९८.६ अंशांचा कल लागतो, ५०९ किलोमीटरवर ९७.५ अंशांचा. मग उपग्रह वर्षभर त्याच स्थानिक सौर वेळेला विषुववृत्त ओलांडतो. सेंटिनेल-२ साठी ती वेळ साडेदहा आहे. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात आणि पुणे-नाशिक त्याच्या पश्चिमेला असल्याने आपला सूर्य घड्याळाच्या ३५ मिनिटं मागे असतो. म्हणून तुम्हाला वेळ अकरा ते साडेअकरा दिसते.

साडेदहाची निवड ही तडजोड आहे. फार लवकर धुकं आणि लांब सावल्या, दुपारनंतर उष्ण कटिबंधात ढग जमतात, आणि ऐन माध्यान्हीला डोक्यावरच्या सूर्याचा पाण्यावरून थेट कवडसा कॅमेऱ्यात येतो. वेळ टिकवायला अधूनमधून इंधन जाळून कल दुरुस्त करावा लागतो. नासाच्या टेरा उपग्रहासाठी २०२० नंतर हे थांबलं आणि त्याची वेळ साडेदहाच्याही आधी सरकू लागली. टेराची वीस वर्षांपूर्वीची आणि अलीकडची चित्रं सरळ शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत, त्यांतल्या सावल्याच वेगळ्या आहेत.

प्रश्न : आमचा वीस गुंठ्यांचा कांदा चांगला वाढलाय, पण ॲप तो पिवळा-तांबडा दाखवून 'पीक तणावात' म्हणतं. शेजारचा गवत माजलेला पडीक तुकडा मात्र हिरवागार. विश्वास कशावर ठेवायचा? (शेतकरी, निफाड तालुका)

या नकाशात बहुतेक वेळा एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक असतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. कॅमेरा प्रकाशाचे जे वेगवेगळे पट्टे टिपतो त्यांना बँड म्हणतात : सेंटिनेल-२ वर बँड ४ लाल, बँड ८ अवरक्त. आठातून चार वजा करून आलेल्या आकड्याला दोघांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय मिळतो. तो जमिनीवर किती हिरवं झाकण आहे एवढंच सांगतो. ते झाकण कांद्याचं की गवताचं, हे त्याला कळत नाही. कांद्याची पात बारीक आणि उभी असते, भर वाढीतही वरून माती दिसत राहते. त्यामुळे उत्तम कांद्याचाही आकडा ऊस किंवा सोयाबीनपेक्षा बराच खाली राहतो. सगळ्या पिकांना एकच रंगपट्टी लावणारं ॲप कांद्याला नेहमी नापास करणार. उलट दाट उसात हा आकडा ०.८ च्या पुढे जवळजवळ थबकतो आणि खरा फरक दाखवत नाही. तिथे बँड ५ वापरणारा निर्देशांक बरा, पण त्या बँडचा पिक्सेल २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा आहे.

आता तुमच्या क्षेत्राचा हिशेब. वीस गुंठे चौरस असतील तर बाजू ४५ मीटर. पिक्सेलची जाळी तुमच्या बांधाच्या सोयीने बसलेली नसते, म्हणून पूर्ण आत बसणारे पिक्सेल फार तर ९ ते १६. चित्र जमिनीवर बसवताना अर्ध्या पिक्सेलची चूक सहज राहते. बांधावर बाभूळ, कडुलिंब किंवा पलीकडे ऊस असेल तर कडेच्या पिक्सेलमध्ये त्याचा रंग मिसळतो. आमचा सल्ला स्पष्ट आहे : हद्दीच्या आतल्या बाजूने दहा मीटर सोडून उरलेल्या भागाचीच सरासरी घ्या. तुमच्याकडे मग सहाएक पिक्सेल उरतील, तेवढे चालतात. पण हेच वीस गुंठे २० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब पट्टीत असतील तर आत काहीच उरत नाही, आणि अशा शेताबद्दल सेंटिनेल-२ च्या आधारे केलेलं कोणतंही विधान मानू नये. काही ॲप पिक्सेलच्या मधल्या जागा गणिताने भरून नकाशा गुळगुळीत करतात. त्यात दिसणारी बारीक वळणं शेतात नसतात. ॲपमध्ये मूळ चौकोन पाहायची सोय नसेल तर तो नकाशा निर्णयासाठी वापरू नका.

हे सगळं स्वतः तपासता येतं, फुकट. कोपर्निकस ब्राउझर उघडून खातं काढा, सेंटिनेल-२ ची 'एल२ए' चित्रं निवडा. वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली चित्रं ती हीच. 'एल१सी' मध्ये धूसरपणा तसाच असतो आणि एनडीव्हीआय कमी येतो. शेताची हद्द चित्रावर बघून आखा. फोन घेऊन बांधावरून चाललात तर जीपीएसची तीन-पाच मीटरची चूक आत येते, आणि गाव नकाशातली गटाची रेघ उपग्रहचित्रावर नेमकी बसतेच असं नाही. आधी नैसर्गिक रंगातलं चित्र पाहा. पातळ ढग किंवा ढगाची सावली शेतावर असेल तर ती तारीख सोडा. एल२ए सोबत प्रत्येक पिक्सेलचा वर्ग दिलेला असतो : ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ ढग, १० उंचावरचा विरळ ढग. हे चारही वगळायचे.

आकडे उतरवून स्वतः गणित करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रत्येक बँडच्या आकड्यात १,००० मिळवलेले असतात. आधी ते वजा करायचे, मग १०,००० ने भागायचं. समजा अवरक्त परावर्तन ०.४० आहे आणि लाल ०.०५. खरा एनडीव्हीआय ०.७८. हजार वजा करायला विसरलात तर तोच ०.५४ येतो, आणि निरोगी पीक एका रात्रीत निम्मं वाळल्यासारखं दिसतं. काही संकेतस्थळं ही दुरुस्ती करूनच आकडे देतात. तिथे पुन्हा वजाबाकी केली तर चूक उलट दिशेने होते, म्हणून माहितीपत्रक वाचल्याशिवाय सुरुवात करू नका.

एवढं झाल्यावर आपल्या शेताचा आकडा त्याच तारखेच्या, त्याच सुमारास लावलेल्या शेजारच्या कांद्याशी ताडून पाहा. काळी जमीन ओली झाली की जास्त काळी दिसते आणि पीक विरळ असताना निर्देशांक त्यानेही बदलतो. हा बदल त्या भागातल्या सगळ्यांना सारखाच लागू होतो, म्हणून शेजाऱ्याशी तुलना जास्त भरवशाची. लागोपाठ दोन स्वच्छ चित्रांत शेताचा एकच कोपरा मागे पडलेला दिसला तर तिथे जाऊन मूळ उपटून बघा. पाणी साचलंय, करपा आलाय की ठिबकची नळी तुंबलीय, हे लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या (६६५ आणि ८४२ नॅनोमीटर) दोन आकड्यांतून कोणीही सांगू शकत नाही.

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचा ऊस पाण्यात उभा होता. नंतर पाहिलेल्या उपग्रह नकाशात मात्र शिवाराचा मोठा भाग कोरडा होता. उपग्रह चुकला की नकाशा? (ग्रामपंचायत सदस्य, शिरोळ तालुका)

नकाशा अपुरा होता, आणि उसाच्या पट्ट्यात तो नेहमी अपुराच येतो. याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण अशा नकाशांवरून नुकसान मोजलं जातं.

पुरात ढग असतातच, म्हणून रडार वापरावं लागतं. सर्वाधिक वापर होतो तो सेंटिनेल-१ चा : उंची ६९३ किलोमीटर, पट्टा २५० किलोमीटर, लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटर. त्याची कक्षा पहाट-संध्याकाळची आहे. सौरपट्ट्यांवर जवळजवळ सतत ऊन राहावं म्हणून रडारला ती सोयीची असते. शांत पाणी आरशासारखं वागतं, लहर पलीकडे परावर्तित होते, उपग्रहाकडे फार थोडी परतते आणि पाणी काळं दिसतं. उघड्या शेतावरचं पाणी असं छान ओळखू येतं. पण अडीच-तीन मीटर उंच उसात साडेपाच सेंटिमीटरची लहर वरच्या पानांतच अडते. खाली कंबरभर पाणी असलं तरी रडारला दिसतो तो फक्त ऊस. पाणी शेंड्यावरून गेलं तरच तो भाग काळा होतो. वस्तीतही असंच : रस्त्यावरच्या पाण्यावरून उसळलेली लहर भिंतीवर आपटून थेट उपग्रहाकडे येते, त्यामुळे पूर आलेली गल्ली उलट जास्त उजळ दिसते.

दुसरं कारण वेळेचं. एक सेंटिनेल-१ त्याच वाटेवर बारा दिवसांनी येतो. कृष्णा-पंचगंगेचं पाणी ज्या दिवशी सर्वांत वर होतं त्या दिवशी तो तुमच्यावर होता का, हे नकाशाच्या तारखेवरून पाहा. दोन दिवस उशीर झाला असेल तर तो ओसरत्या पुराचा नकाशा आहे.

असा नकाशा स्वतः करायचा तर युरोपीय अवकाश संस्थेचं स्नॅप हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. पुराच्या दिवसाचं आणि पुराआधीचं, अशी दोन चित्रं घ्या. दोन्ही एकाच वाटेची आणि एकाच दिशेने जाताना घेतलेली हवीत, नाहीतर तिरपेपणाचा फरकच पूर म्हणून दिसेल. क्रम असा : अचूक कक्षेची फाइल लावणं, उष्णतेचा गोंगाट काढणं, कॅलिब्रेशन, ठिपकेदारपणा कमी करणारी ५ बाय ५ किंवा ७ बाय ७ ची गाळणी, मग ३० मीटरच्या उंचीच्या नकाशावरून भूप्रदेश दुरुस्ती, शेवटी डेसिबलमध्ये रूपांतर. 'व्हीव्ही' चित्रात (लहर उभ्या कंपनाने पाठवून तशीच टिपलेल्या) पाणी साधारण उणे १५ ते उणे १८ डेसिबलच्या खाली येतं, पण हा आकडा डोळे झाकून लावू नका. चित्राच्या आलेखात पाण्याचा आणि जमिनीचा असे दोन उंचवटे दिसतात, त्यांच्या मधल्या खोलगट जागी सीमा धरा. वारा असेल तर पाण्यावर तरंग उठतात, पाणी उजळ होतं आणि ही सीमा सरकते.

त्यानंतर खोटा पूर काढून टाकायचा असतो. पाच अंशांपेक्षा जास्त उतार वगळा, कारण सह्याद्रीच्या रांगांमागची रडार-सावली पाण्याइतकीच काळी असते. बारमाही नदी-तलाव वजा करा. आठ-दहा पिक्सेलपेक्षा लहान तुकडे सोडून द्या. या चित्राचा पिक्सेल दहा मीटरचा दिला जातो, पण खरा तपशील सुमारे वीस मीटरचा आहे, तेव्हा गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या डागांना अर्थ नाही. राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडे जुलैत लावणीसाठी भरलेली भातखाचरं पुरासारखीच काळी दिसतात. तिथे पुराआधीचं चित्र मे महिन्याचं घेतलं तर सगळी खाचरं पुरात मोजली जातात, म्हणून ते लावणीनंतरचं घ्यावं.

उसासाठी आम्ही सुचवू ती रीत वेगळी आहे. उघड्या शेतांवर आणि नदीकाठी जिथे पाणी स्पष्ट दिसतं तिथली त्याची पातळी उंचीच्या नकाशावरून काढा, आणि त्या पातळीखालचा, पाण्याला लागून असलेला ऊस बुडालेला धरा. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात काही मीटरची चूक असते, त्यामुळे गावातल्या पूरखुणांशी ती पातळी जुळवून घ्यावीच लागते. ते काम ग्रामपंचायतच करू शकते : पाणी उतरल्यावर लगेच, भिंतीवरची ओल दिसतेय तोवर खुणा रंगवा, त्यांचे फोटो तारखेसह ठेवा.

प्रश्न : निसार उपग्रहाने पुराच्या नकाशांत फरक पडेल का? (अभियांत्रिकी विद्यार्थिनी, सांगली)

उसाच्या बाबतीत पडायला हवा. नासा आणि इस्रोचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. उंची ७४७ किलोमीटर, जाळीची अँटेना १२ मीटर व्यासाची, पट्टा २४० किलोमीटरच्या वर, आणि तीच वाट बारा दिवसांनी. नासाच्या रडारची लहर २४ सेंटिमीटरची आहे, इस्रोच्या रडारची साधारण दहा. लांब लहर पानांतून बरीच खाली उतरते, पाण्यावरून आणि मग खोडावरून उसळून परतते. म्हणजे पाण्यात उभं झाड किंवा उंच पीक काळं न दिसता नेहमीपेक्षा उजळ दिसतं. त्यामुळे पाणी म्हणजे काळं एवढाच नियम लावणारी जुनी पद्धत इथे चालणार नाही, पुराआधीच्या चित्राच्या तुलनेत उजळलेले भागही शोधावे लागतील.

प्रश्न : जवळून चांगलं दिसतं, तर २०० किलोमीटरवरूनच का पाहत नाहीत? (वाचक, पणजी)

तिथे हवा आहे. विरळ, पण या वेगाला पुरेशी. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर सोडले होते. सौर वादळाने वरची हवा तापून फुगली आणि त्यांतले बहुतेक परत वातावरणात येऊन जळाले. जपानचा त्सुबामे २०१९ मध्ये १६७ किलोमीटरवर राहिला, तोही सतत इंजिन चालवून. शिवाय खाली गेलं की तोच कॅमेरा अरुंद पट्टा पाहतो आणि पुन्हा त्याच जागी यायला जास्त दिवस लागतात.

५०० ते ८०० किलोमीटरवर इंधन पुरतं, पण काम संपल्यावर उपग्रह तिथेच रेंगाळतो, ही दुसरी अडचण. जानेवारी २००७ मध्ये सोडलेला कार्टोसॅट-२ ६३५ किलोमीटरवर होता. तो आपोआप पडायला तीसएक वर्षं लागली असती. इस्रोने उरलेलं इंधन वापरून २०२० च्या सुरुवातीला त्याला ३८० किलोमीटरवर आणलं, आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. प्रत्येक निरीक्षण उपग्रहात यासाठी इंधन राखून ठेवलंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : उपग्रहावरून बोअरची जागा दाखवतो म्हणून एकाने पैसे मागितले. खरंच दिसतं का पाणी? (शेतकरी, आटपाडी तालुका)

नाही. पैसे देऊ नका. प्रकाश मातीत शिरत नाही, आणि उपग्रहांच्या रडारला भिजलेल्या जमिनीत वरचे काही सेंटिमीटरच कळतात.

चित्रात दिसतात त्या पृष्ठभागावरच्या खुणा : खडकातल्या भेगांच्या सरळ रेषा, डाईक (भेगेत घुसून गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंती), झिजलेले सखल भाग, उन्हाळ्यातही हिरवी राहणारी पट्टी. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं, म्हणून या खुणा कामाच्या आहेत. त्यांवरून हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने भूजल संभाव्यतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर तयार केले आहेत. त्या प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. नकाशा कुठल्या शिवारात शोध घ्यावा हे सांगतो, बोअर नेमकी कुठे मारायची हे नाही. तेवढ्यासाठी जमिनीत विद्युतप्रवाह सोडून रोधकता मोजावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात याची चौकशी करा.

जमिनीखालच्या पाण्याचं वजन मोजणारे उपग्रह मात्र आहेत. २०१८ मध्ये सोडलेली ग्रेस-एफओ ही जोडी सुमारे ४९० किलोमीटरवर, एकमेकांपासून २२० किलोमीटर अंतर राखून फिरते. खाली वस्तुमान वाढलं की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, मधलं अंतर मायक्रॉनच्या पातळीवर बदलतं, आणि त्यावरून महिन्यागणिक पाण्याचा साठा किती वाढला-घटला ते काढतात. त्यात माती, धरणं आणि भूजल सगळं एकत्र असतं. गुरुत्वाकर्षणाचा बारीक फरक उंचीवर झपाट्याने पुसट होतो, म्हणून इतक्या खालूनही त्यांचा एक ठिपका साधारण ३०० किलोमीटर रुंद असतो. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्ख्या राज्यात असे तीन-चार ठिपके. आटपाडीची पातळी पाहायची असेल तर यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागा. त्यांत तुमच्या भागातल्या विहिरींचे मीटरमधले आकडे मिळतील.